माझ्या भिडेखातर धनुष्य सांगू नकोस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

"बाबांचे कारागीर तेच माझे कारागीर, आता मीही त्यांच्याकडेच धनुष्य करायला टाकते," हे तू कळवलंस तेव्हा आधी बरं वाटलं. काळजी नंतर वाटली. माझ्या मापाचं धनुष्य तू स्वतःसाठी सांगून बसशील, महिनोन् महिने वाट बघशील, आणि हातात आल्यावर पटलं नाही तरी मला वाईट वाटेल म्हणून तसंच ओढत राहशील. नुसतं लक्ष्यावर बाण मारायचे असते तर मी काही बोललो नसतो. पण तुला ते घेऊन शिकारीला जायचंय. तिथे न पेलणाऱ्या धनुष्याचे भोग तुला नाही, जनावराला भोगावे लागतात.

म्हणून मी इतकी वर्षं एकाच माणसाचं दार का धरून बसलो ते एकदा सांगतो. त्यातलं तुला लागू पडेल तेवढं घे.

पहिलं कारण अगदी रूक्ष आहे. आपल्या धनुष्याला नेम धरायचं साधन नसतं. नजर जनावरावर एका ठिकाणी रोखायची आणि हात आपोआप तिथे जायला हवा. हा हात तयार होतो तो हजारो वेळा तेच ते केल्याने, आणि त्या 'तेच ते'मध्ये धनुष्यही आलं. तळहात मुठीवर थोडा आत गेला की बाण एका बाजूला जातो, मनगट उचललं की वर-खाली होतो. एक कारागीर मूठ बसकी ठेवतो, दुसरा उंच. एकाकडे बाणाची बैठक, म्हणजे बाण टेकतो ती जागा, धनुष्याच्या मध्यरेषेच्या आतपर्यंत कोरलेली असते, दुसऱ्याकडे मध्यरेषेच्या अलीकडेच थांबलेली. बैठक अलीकडे असेल तर बाणाला धनुष्याला वळसा घालून निघावं लागतं आणि त्याला लवचीक कांडी, म्हणजे बाणाची दांडी, लागते. आतपर्यंत कोरलेली असेल तर जास्त कडक कांडीही चालते. म्हणजे कारागीर बदलला की मूठ बदलली, कांडी बदलली, दोरी किती वर चढवायची ते बदललं. माझा भाता मात्र बदलला नाही. एक धनुष्य जुनं झालं, दुसरं आलं, आणि तेच बाण पहिल्याच दिवशी सरळ गेले, कारण कारागिरांच्या हाताचं वळण बदललेलं नव्हतं. त्यांच्याकडे माझ्या पंजाची कागदावर काढलेली आकृती आहे. बोटं कुठे संपतात, अंगठ्याचा उंचवटा कुठे येतो, सगळं त्यावर खुणा करून ठेवलेलं आहे.

दुसरं कारण त्यांच्या कामाच्या टेबलाजवळ उभं राहिल्यावर कळतं. लाकडाच्या आणि काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) पट्ट्या चिकटवून, साच्यात दाबून, भट्टीत तापवून झाल्या की धनुष्य दिसायला तयार दिसतं. खरं काम तिथून पुढे. ते भिंतीवरच्या फळीवर मूठ अडकवतात, दोरीला कप्पीचा दोर लावतात आणि चार पावलं मागे येऊन हळूहळू खेचतात. बोलत काहीच नाहीत. दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा लवणारा भाग, सारख्या वाकतात का, एखाद्या ठिकाणी ताठपणा राहिलाय का, दोरी मधोमध चालते का, एवढंच बघत असतात. मग धनुष्य उतरवायचं, भुजेच्या कडेला बारीक कागदाने दोन-चार हात मारायचे, पुन्हा अडकवायचं. भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो; जाडी एक टक्का कमी झाली तर ताठपणा सुमारे तीन टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे हात जड असलेल्या माणसाने दोन मिनिटांत धनुष्य वाया घालवावं असं हे काम आहे. मी एकदा ५० पौंड ओढीचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागेल असं, सांगितलं होतं. आलं त्याच्या खालच्या भुजेवर आतल्या बाजूने शाईने लिहिलं होतं : २८ इंचांवर ५१ पौंड. ५० लिहिलं असतं तर मला कळलंही नसतं. काट्याने जे दाखवलं ते त्यांनी लिहिलं. खरं सांगायचं तर माझा भरवसा बसला तो या एका आकड्यावर.

आता ते काही देवमाणूस नाहीत. तारीख देतात ती पाळत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि घाई केली की आणखी उशीर करतात. एका धनुष्याची खालची भुजा पहिल्याच हंगामात पीळ खाऊ लागली. मी दोरी चढवताना नेहमी चढवणीची दोरीच वापरतो, पाय अडकवून वाकवत नाही, तरी तसं झालं. परत पाठवलं. त्यांनी मला एकही उलट प्रश्न विचारला नाही. भुजा सरळ करून देतो असं न म्हणता नवं धनुष्यच करून दिलं आणि जुनं स्वतःकडे ठेवून घेतलं. पुढे कधीतरी कळलं की ते त्यांनी उभं चिरून आत काय बिघडलं ते बघितलं होतं. चूक सगळ्यांकडून होते गं. चिरून बघणारे थोडे.

तुझ्या मैत्रिणीचं धनुष्य सेकंदाला दहा फूट जास्त वेगाने बाण फेकतं, असं तू लिहिलंस. फेकत असेल. आपण जरा हिशेब करू. वीस यार्ड म्हणजे ६० फूट. १७० फूट वेगाचा बाण तिथे ०.३५ सेकंदात पोहोचतो, १८० फूट वेगाचा ०.३३ सेकंदात. फरक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. दोरीचा आवाज मात्र तेच अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात तोडतो. म्हणजे दोन्ही वेळेला हरणाला आवाज आधी पोहोचतो आणि बाण बऱ्याच उशिराने. मग मी वेग मागू की शांतपणा? माझं उत्तर तुला माहीत आहे. ओढीच्या दर पौंडाला नऊ-दहा ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप) वजनाचा बाण लाव. धनुष्य गप्प राहतं, हाताला झटका बसत नाही, आणि जड बाण आत खोल जातो. वीस यार्डांपलीकडे आपण बाण सोडतच नाही, तर त्या दहा फुटांचं करायचं काय?

पण हे लिहिताना मला तुझ्या उत्साहातली दुसरी एक गोष्ट खटकली. निष्ठा माणसाच्या हाताशी ठेवायची असते, पाटीशी नाही. अमेरिकेतले धनुष्य बनवणारे फ्रेड बेअर यांनी १९३३ साली डेट्रॉइटमध्ये आपल्या कंपनीची सुरुवात केली, १९४७ मध्ये कारखाना मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला नेला आणि काचतंतूची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेली) धनुष्यं अमेरिकेत घराघरांत पोहोचवली. १९६८ मध्ये व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि १९७८ मध्ये कारखाना फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला. बेअर स्वतः १९८८ साली वारले. नाव आजही चालू आहे, धनुष्यंही होतात. त्यात वावगं काही नाही. पण आजचं धनुष्य घेताना ते आजचं म्हणूनच ओढून बघायला हवं, आजोबांनी अमुक घेतलं होतं म्हणून नव्हे. आपल्या कारागिरांचंही वय झालंय. त्यांच्या हाताखालचा मुलगा चांगला आहे, त्याची नजर तयार होतेय. उद्या पाटी तीच राहील आणि हात त्याचा असेल. तेव्हा मी त्याच्याकडे जाईनच असं आज कशाला सांगू? त्याचं धनुष्य ओढून बघेन, मग ठरवेन.

सॅक्स्टन पोप यांची गोष्ट तुला लहानपणी सांगितली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठातले शल्यचिकित्सक. 'याही' नावाच्या तिथल्या आदिवासी जमातीतला इशी १९११ मध्ये बाहेरच्या जगात आला आणि पोप त्याच्याकडे धनुर्विद्या शिकले. धनुष्य कसं घडवायचं, जनावराच्या जवळ कसं जायचं, सगळं त्याच्याकडून. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. त्याचं धनुष्य आखूड, जुनिपरचं, पाठीवर स्नायूंचे तंतू चिकटवलेलं. पोप यांनी मात्र पुढे मोठ्या शिकारी केल्या त्या इंग्रजी घडणीच्या, यू लाकडाच्या लांब धनुष्याने. गुरूबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही, आणि धनुष्य दुसरंच. मला यात काहीच विसंगती दिसत नाही.

आणखी एक सांगतो आणि कामाचं लिहितो. एखाद्या कारागिराचे गिऱ्हाईक झालो म्हणजे त्याचे वकील झालो असं काहींना वाटतं. दुसऱ्या कुणाच्या धनुष्याची स्तुती ऐकली की हे लगेच बाह्या सावरतात. दुसरे काही दर हंगामाला नवं धनुष्य सांगतात. भुजेवर सापाची कातडी, मुठीत तीन रंगांची लाकडं, आणि ओढायला सवड नाही. २०१७ पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्या जाती आणि बुबिंगा या आफ्रिकी लाकडाच्या तीन जाती साइटीस कराराखाली (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आल्या, तेव्हा या मंडळींनी केवढा शोक केला! आपल्या कारागिरांनी मॅपल आणि ओसेज ऑरेंजचं लाकूड पुढे ओढलं आणि काम चालू ठेवलं. गिऱ्हाइकाने पाळायच्या गोष्टी माझ्या मते फार नाहीत. घासाघीस करू नये. दुसऱ्याचं धनुष्य पुढे ठेवून "हुबेहूब असं करून द्या" म्हणू नये. आणि दोष दिसला तर तो आधी त्यांना सांगावा, गावभर नंतर.

आता तुझं माप. मी २८ इंच ओढतो, तू २६. धनुष्यावरचा आकडा रिवाजाने २८ इंचांवरचा असतो आणि दर इंचाला साधारण अडीच पौंड कमी होतात. म्हणजे माझ्यासारखं "४५ पौंड" सांगितलंस तर तुझ्या बोटांवर चाळीसच येतील, आणि ढकलायची लांबीही दोन इंच कमी, म्हणून बाणात जोर आणखी थोडा उतरेल. हरणासाठी किमान ओढ किती हवी याचा नियम बऱ्याच ठिकाणी असतो आणि तो ठिकाणानुसार बदलतो, तेव्हा तू जाणार तिथला आधी बघ. ऑर्डर देताना "माझ्या २६ इंचांवर इतके पौंड" असंच लिही. मोजताना दोरी पूर्ण ओढून बाणाच्या नॉकच्या (दोरी बसते त्या शेपटाच्या) खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल जागेपर्यंत मोज आणि त्यात पावणेदोन इंच मिळव. दमलेली असताना मोजू नकोस, आणि मोजतोय हे माहीत असलं की आपण ताणून ओढतो, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी खूण करायला लाव.

दुसरं, तू तिन्ही बोटं बाणाखाली धरतेस. मी एक वर, दोन खाली. हे त्यांना न सांगता धनुष्य सांगितलंस तर ते माझ्यासारखंच करतील : खालची भुजा थोडी ताठ, म्हणजे दोरीचं अंतर वरच्या भुजेपाशी पाव इंचापर्यंत जास्त. तुझ्या पकडीला दोन्ही भुजा जवळजवळ सारख्या लागतात. नाहीतर धनुष्य आवाज करेल आणि तू दोष दोरीला देत बसशील.

तिसरं, तुझा पंजा लहान आहे. माझी मूठ तुला जाडच वाटणार. ऑर्डर देण्याआधी निदान दोन-तीन वेगळ्या कारागिरांची धनुष्यं हातात घे, डोळे मिटून ओढ, आणि डोळे उघडल्यावर पंजा कुठे बसलाय ते बघ. एखादी मूठ अशी सापडेल की दर वेळी पंजा त्याच जागी जाईल. ती आपल्या कारागिरांची निघाली तर उत्तमच. न निघाली तर त्या दुसऱ्या माणसाकडे सांग. मी स्वतः आपल्या कारागिरांना ते सांगेन, रागावणार नाहीत. उलट कुणाची मूठ, कशी होती, एवढं विचारतील.

तोपर्यंत माझं जुनं लांब धनुष्य घेऊन जा. त्याची टोकं नव्या न ताणणाऱ्या दोऱ्यांसाठी मजबूत केलेली नाहीत, तेव्हा डॅक्रॉनचीच दोरी लाव, मैत्रिणीची फास्ट फ्लाइट, म्हणजे तसली न ताणणारी दोरी, चढवून बघू नकोस. उन्हात गाडीत ठेवू नकोस. बाण न लावता कुणालाही दोरी सोडू देऊ नकोस, गंमत म्हणूनही. आणि माप घेतलंस की मला आधी कळव, पंजाची आकृती कशी काढायची ते मी समोर बसून दाखवतो.

तुझे,
बाबा