दुसऱ्या मजल्यावरच्या काकांस, 'लीथल वेपन'च्या तीन सीक्वेलांबद्दल

सा. न. वि. वि.

काका, हे पत्र तुमच्या दाराखालून सरकवता आलं असतं. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणत चपला शोधायला लागता, आणि पाकीट दिलं तर काकू त्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहितील. म्हणून उघड लिहिते आहे, चार लोकांसमोर. तुमचं नाव लिहीत नाही. जी गोष्ट तुम्ही सोसायटीपासून लपवलीत ती मात्र मीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

जुलैत मी बाथरूममध्ये घसरले तेव्हा घरी एकटी होते. हे नागपूरला, मुलगा बंगळुरूला, फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि दाराला आतून कडी. घोटा नको त्या दिशेला वळलेला दिसत होता. डक्टच्या खिडकीतून मी हाका मारत राहिले आणि खाली भांडी घासणाऱ्या काकूंनी त्या ऐकल्या. आमची जास्तीची किल्ली तुमच्याकडे असते, ती घेऊन तुम्ही वर आलात. पहारीनं कडी उचकटलीत आणि दार उघडल्या क्षणी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. काकूंनी चादर घेऊन आत पाऊल टाकलं. "झालं?" तुम्ही विचारलंत. थोड्या वेळानं पुन्हा, "झालं?" मान वळवली नाहीत. मग मला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली नेताना जिन्यात लोक जमले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "पायरीवर पाय मुरगळलाय. गर्दी करू नका." आणि लोक खरोखर आपापल्या घरात गेले. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचा आवाज काय असतो, ते मी त्या दिवशी ऐकलं.

हाडाला सहा आठवड्यांचं प्लास्टर लागलं. एक्सरेची फाइल तुम्ही सांभाळलीत, औषधांच्या पावत्या तारखेनुसार लावल्यात, जसं काही प्रकरण कोर्टात जाणार होतं. याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र मुख्यतः संध्याकाळींबद्दल आहे.

काकू डबा घेऊन यायच्या, तुम्ही सोबत. काकू कापूस घेऊन वाती वळायला बसायच्या आणि तुम्ही टीव्हीवरच्या चर्चा ऐकून वैतागायचात. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, त्या कपाटात इंग्रजी पोलिसांचे सिनेमे आहेत, लावा. 'लीथल वेपन'चा चार डीव्हीडींचा संच. उघडला तर पहिल्या भागाची जागा रिकामी. ती डिस्क माझ्या भावानं नेली, त्याला पंधरा वर्षं झाली असतील. राहिले होते ते २, ३ आणि ४, म्हणजे जे मी एकदाच पाहून मोडीत काढले होते. कॉलेजात आम्ही भाड्याच्या व्हीसीआरवर पहिला भाग पाहिला होता आणि तेव्हापासून माझं मत ठरलेलं होतं: खरा सिनेमा तो, बाकी सगळं दुकान.

त्यामुळे पहिला भाग मला तोंडी सांगावा लागला. १९८७ चा सिनेमा, लॉस एंजेलिस, नाताळचे दिवस. रॉजर मर्टॉ हा कुटुंबवत्सल डिटेक्टिव्ह, पन्नासावा वाढदिवस बाथटबमध्ये साजरा होतो, बायको-मुलं केक घेऊन आत येतात. त्याच्या गळ्यात जोडीदार म्हणून मार्टिन रिग्ज बांधला जातो. बायको गेलेली, समुद्राकाठी ट्रेलरमध्ये कुत्र्यासोबत राहतो, रात्री पिस्तुलाची नळी तोंडात धरून बसतो. शेवटी हा रिग्ज नाताळच्या रात्री मर्टॉच्या दारात येतो, स्वतःसाठी राखून ठेवलेली गोळी त्याच्या मुलीच्या हातात देतो आणि परत फिरतो. मर्टॉ मागून बाहेर येतो आणि म्हणतो, बायकोनं केलेली भिकार टर्की मी एकट्यानं खायची की काय, चल आत.

"म्हणजे सिनेमा जेवायला बोलावण्यावर संपतो," काकू म्हणाल्या. वात वळता वळता, मान वर न करता.

काका, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी त्या सिनेमाकडे गोळीबार, रिग्ज झालेल्या मेल गिब्सनचे वेडसर डोळे आणि सॅक्सोफोन म्हणूनच पाहत आले. पुढच्या भागांत रिग्ज 'शांत' झाला म्हणून माझी तक्रार होती. मरायला निघालेला माणूस जेवायला आत गेला, तर पुढे काय होणार? तो जेवणार, कपडे धुवायला आणून टाकणार, पोरांशी भांडणार. दुसऱ्या भागात नेमकं तेच होतं. रिग्जचे कपडे मर्टॉच्या घरच्या मशीनमध्ये फिरतात. तुम्ही त्या दृश्यावर बोट ठेवलंत: "हा आता पाहुणा राहिला नाही."

त्या पहिल्याच संध्याकाळी तुम्ही मर्टॉकडे रोखून पाहत सवयीनं वर्णन केलंत, "अंदाजे वय बेचाळीस, उंची सहा फुटांच्या वर, मिशी." मी हसले. म्हटलं, काका, पन्नाशी ओलांडली आहे त्याची. तुम्ही ठाम: "पळताना गुडघा बघ." मग मी शोधून पाहिलं. मर्टॉ झालेल्या डॅनी ग्लोव्हरचा जन्म जुलै १९४६ चा, दुसरा भाग आला जुलै १९८९ मध्ये. चित्रीकरणात तो बेचाळीसचाच होता! पहिल्या भागात पन्नास मेणबत्त्या फुंकणारा माणूस चाळिशीचा होता, आणि "या असल्या भानगडींचं माझं वय राहिलं नाही" ही त्याची रड त्याच वयातली. ओळख परेडला तुम्हाला कोणी फसवलं नसणार.

दुसऱ्या भागाची तुमची आवडनिवड मला पाठ आहे. पिकअप ट्रकला साखळी बांधून डोंगरउतारावरचं खांबांवर उभं घर ओढून पाडतात, तिथे तुम्हाला फक्त ट्रकच्या क्लचची काळजी. खलनायक वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा राजनैतिक अधिकारी, प्रत्येक वेळी कायद्याचं संरक्षण दाखवून सुटणारा. शेवटी मर्टॉ त्याला गोळी घालतो तेव्हा तुम्ही नाराज. खऱ्या जगात अशा माणसाला नकोसा ठरवून देशाबाहेर काढतात, हे तुम्ही मला विमानतळाच्या बंदोबस्ताच्या दाखल्यासह समजावलंत. बरोबर आहे तुमचं. पण काका, तो सिनेमा आला तेव्हा मंडेला तुरुंगात होते, सुटले फेब्रुवारी १९९० मध्ये. ज्या कृष्णवर्णीय ग्लोव्हरनं १९८७ साली टीव्हीसाठी मंडेलांची भूमिका केली होती, तोच इथे वकिलातीत जाऊन गंभीर चेहऱ्यानं सांगतो की मला तुमच्या देशात स्थायिक व्हायचं आहे, आणि समोरच्या गोऱ्या कारकुनाची वाचा बसते. माझ्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असं होतं. लहानपणी ते वाचून मला वाटायचं, तिथे रोगराई असेल. ते दृश्य या वेळी मी दोनदा लावलं.

आणि मग ते संडासाचं दृश्य आलं. मर्टॉ कमोडवर बसलेला, खाली बॉम्ब, उठला तर स्फोट. तो रिग्जला विनवतो की गाजावाजा करू नकोस, आणि थोड्याच वेळात अर्धं पोलीस खातं घराभोवती गोळा होतं. मला हसूही येईना, रडूही येईना. तुम्ही काही बोलला नाहीत. काकू मात्र माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपल्याकडे कसं चुपचाप झालं, नाही?" आणि मग आपण तिघं इतके हसलो की शेजारून भिंतीवर टकटक झाली. त्या सकाळपासून मनात जी लाज बसली होती, ती त्या हसण्यात गेली. रिग्ज शेवटपर्यंत मर्टॉचा हात सोडत नाही, दोघं एकदमच टबात उडी मारतात. मी तुमच्या भिंतीकडे वळलेल्या पाठीचा विचार करत होते.

मूळ पटकथेत शेन ब्लॅकनं दुसऱ्या भागाच्या शेवटी रिग्जला मारलं होतं. ते मान्य झालं नाही, ब्लॅक बाहेर पडला आणि रिग्ज वाचला. एरवी मी लेखकाच्या बाजूनं भांडले असते. आता मला वाटतं, बरं झालं. मरणं त्याला आधीपासून येत होतं. तिसऱ्या-चौथ्या भागात जे येत नाही ते शिकतो.

तिसरा भाग, १९९२. सुरुवातीची कोसळणारी इमारत खरी आहे, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं जुनं नगर सभागृह. ते पाडायचंच होतं, तर सिनेमावाल्यांनी कॅमेरे लावले. रिग्ज चुकीची वायर कापतो तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात. "बॉम्ब शोधक पथक येईपर्यंत लांब उभं राहायचं, बस्स." मांजर वाचलं म्हणून काकू खूश. मर्टॉच्या निवृत्तीला आठवडा उरलेला असतो आणि तो गोळीबार करत फिरतो, यावर तुमचा खरा आक्षेप होता: शेवटच्या आठवड्यात माणूस सामान जमा करतो, ना देय प्रमाणपत्रासाठी टेबलाटेबलांवर फिरतो, त्याला गोळ्या झाडायला सवड कुठली?

मग मर्टॉच्या हातून हल्लेखोर मुलगा मरतो आणि चेहरा दिसतो तेव्हा कळतं, हा आपल्याच मुलाचा मित्र, आपल्या घरात येणारा जाणारा. तुम्ही रिमोट मागून घेतलात आणि थांबवलंत. चहा झाला. काही विचारायचं नाही एवढं मला कळलं. दहा मिनिटांनी तुम्हीच म्हणालात, "लाव." पुढे बोटीवर मर्टॉ दारू पिऊन कोसळतो आणि रिग्ज त्याला मिठी मारून ठेवतो, तो प्रसंग मी पूर्वी 'ओव्हर' म्हणून उडवून लावला होता. पहिल्या भागात जो वाचला तो आता वाचवतोय, हे विशीत कुठून दिसणार! रेने रुसोची लॉर्ना, तीही पोलीसच, याच भागात येते. ती आणि रिग्ज एकमेकांना जखमांचे व्रण दाखवत सुटतात, तिथे काकूंनी वाती बाजूला ठेवल्या होत्या, हे मी पाहिलं.

चौथ्याबद्दल थोडक्यात. १९९८ चा, पसरट, आणि त्यातले चिनी उच्चारांवरचे विनोद आज ऐकवत नाहीत. काकूंनी विचारलं, "यात हसायचं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. जेट ली मात्र काय दिसतो! हॉलिवूडमधला त्याचा पहिलाच सिनेमा, तोही खलनायक म्हणून, आणि दोघा म्हाताऱ्यांना उभ्या उभ्या लोळवतो. तुम्ही म्हणालात, "हे दोघं आता थकलेत." थकलेच होते. ग्लोव्हर खरा एक्कावन्न वर्षांचा झाला होता, माझ्याएवढा. रिग्जला पहिल्यांदा धाप लागते आणि तो ती कबूल करतो.

दिग्दर्शक रिचर्ड डॉनरनं चारही भाग केले आणि अकरा वर्षं मर्टॉचं घर तेच ठेवलं: बायको ट्रिश म्हणजे गायिका डार्लीन लव्ह, तिन्ही मुलं तीच, आपल्यासमोर वाढलेली. काकूंचं सगळं लक्ष ट्रिशवर होतं. नवरा चारचौघांत तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो आणि ती त्यालाच वाढते, याचा त्यांना तिन्ही संध्याकाळी राग आला. चौथ्याच्या शेवटी हॉस्पिटलात सगळे एकत्र फोटो काढतात. कोणीतरी विचारतं, तुम्ही मित्रमंडळी का? सगळे ओरडतात, नाही, घरचे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एक फोटो घेऊन आलात, २००३ च्या नाशिकच्या सिंहस्थ बंदोबस्तातला. रेनकोट घातलेले दोन पोलीस, एकाच छत्रीखाली वडापाव खाताना. दुसरे तुमचे जोडीदार, अकरा वर्षं रात्रपाळी एकत्र केलेले. त्यांना आता नावं आठवत नाहीत, तुमचंही नाही. दर पंधरा दिवसांनी तुम्ही कळव्याला जाऊन त्यांची दाढी करता, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात वस्तरा पाहिला की ते घाबरतात. एवढं सांगून तुम्ही फोटो खिशात ठेवलात आणि म्हणालात, "पाचवा भाग नाही का?" नाही काका. डॉनर २०२१ मध्ये गेले. पाचव्याची बोलणी वर्षानुवर्षं चालली आहेत, पण आपण काय ते चारच समजू.

माझं प्लास्टर निघालं आहे. काठी घेऊन जिना उतरता येतो, परवा तुमच्या दारापर्यंत आले होते, पण कुलूप होतं. कळव्याचा दिवस असणार. भावाला दटावून पहिल्या भागाची डिस्क मागवली, ती कुरिअरनं आली आहे. रविवारी संध्याकाळी दोघंही या. या वेळी डबा आणायचा नाही, स्वयंपाक मी करणार आहे, आणि काकूंना सांगा की नावं ठेवली तरी चालेल.

बाथरूमला नवी कडी बसवून घेतली आहे. एकटी असताना लावत नाही.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची