चौकटीतलं पान

देवगड,
मृगाचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बागेच्या साइटचं पान कुणी आपल्या पानातल्या चौकटीत दाखवलं तर ते बाहेर काढायला तू पाठवलेल्या कोडच्या तीन ओळी त्याच रात्री साइटवर चढवल्या आणि "झालं काम" म्हणून तुला कळवलंही. ते मागे घेतो. काम झालं नव्हतं. फोनवर रेंज जाते आणि मुद्दा अर्धाच राहतो, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात, पेट्या भरायची घाई चालू असताना, ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. पाच डझनाची पेटी नोंदवली, पैसे भरले, आंबे कधी येणार? माझ्या वहीत त्यांचं नावच नव्हतं. ज्या पानावरून मागणी दिली ते त्यांनी पाठवलं. वर दुसऱ्याच कुणाचं नाव, दुसऱ्याचा नंबर, आणि मधोमध चौकटीत आमचं दरपत्रक, आमच्या कलमांचे फोटो, जसंच्या तसं. पैसे त्या वरच्या नंबरावर गेले होते. फोटोतल्या पेटीवर आमचा नंबर छापलेला दिसला, म्हणून त्या माझ्यापर्यंत पोचल्या. मी त्यांना पेटी पाठवली, पैसे घेतले नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला तो आमच्या बागेवर, मग तो मला कसा मोडवणार?

आता तुझ्या ओळींचं. 'टॉप' म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, 'सेल्फ' म्हणजे आपलं स्वतःचं. दोन्ही एकच नसतील, तर 'टॉप'ला आपल्या पत्त्यावर ने. मी तपासलं तेव्हा पान झटकन चौकटीबाहेर आलं. आठ दिवसांनी बघतो तर आमचं पान परत त्या ठगाच्या चौकटीत, शांत बसलेलं. त्याने फक्त आपल्या आयफ्रेमला, म्हणजे दुसरं पान आत दाखवणाऱ्या त्या चौकटीला, 'सँडबॉक्स' हे बंधन लावलं होतं. मी घरी तसंच एक पान बनवून पाहिलं. आतल्या पानाला स्क्रिप्ट चालवायची आणि फॉर्म भरायची परवानगी दिली, बाहेरचं पान हलवायची दिली नाही. तुझ्या ओळी चालल्या, पण ब्राउझरने त्यांना दारातच अडवलं. सँडबॉक्स ही सोय खरं तर चांगल्या कामासाठी आहे, परक्या पानाने आपलं पान पळवू नये म्हणून. तीच इथे आमच्यावर उलटली.

ही काही माझ्या एकट्याची गोष्ट नाही. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्या काळच्या पहिल्या ५०० लोकप्रिय साइट्सवरचे असे चौकट फोडणारे कोड तपासले. या ना त्या मार्गाने चुकवता येणार नाही असा त्यांना एकही सापडला नाही. कारण सरळ आहे. आपली स्क्रिप्ट आपल्या पानात असते, आणि पान त्याच्या चौकटीत. परक्याच्या खळ्यात उभं राहून आपण कितीही ओरडलो, तरी बेडं, म्हणजे कुंपणाचं दार, त्याच्या हातात असतं.

म्हणून शेवटी सर्व्हरकडे वळलो. पान पाठवतानाच त्याच्याबरोबर 'एक्स-फ्रेम-ऑप्शन्स' हा हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, जातो, त्यात लिहिलेलं 'सेमओरिजिन'. म्हणजे आमच्याच पत्त्यावरच्या पानात चौकट चालेल, दुसरीकडे नाही. हा हेडर २००९ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ८ या ब्राउझरबरोबर आला. आदल्याच वर्षी रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमिया ग्रॉसमन या सुरक्षा संशोधकांनी 'क्लिकजॅकिंग' हे नाव देऊन चौकटीचा धोका सगळ्यांसमोर आणला होता. पारदर्शक चौकटीत खरं बटण आणि त्याखाली खोटं आमिष. माणूस आमिषावर बोट ठेवतो आणि दाबलं जातं ते खरं बटण. आमच्या मागणीच्या पानावर असं झालं असतं तर, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

पहिल्यांदा मी तो हेडर पानातल्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या माहितीच्या ओळीत, लिहिला. तिथे लिहून उपयोग नाही, ब्राउझर तो जुमानत नाही. सर्व्हरच्या उत्तरातच जावा लागतो. जोडीला नवा मार्गही घातला, 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी'मधला 'फ्रेम-अँसेस्टर्स'. दोन्ही असले तर आताचे ब्राउझर हाच मानतात, आणि यात परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी देता येते. आपल्या बागायतदार गटाच्या पानावर आमचं दरपत्रक दिसायला हवं होतं, ते त्यामुळे जमलं.

तू म्हणशील, शेवटी अडवतो तो ग्राहकाचा ब्राउझरच, मग सर्व्हरचं काय कौतुक? अडवतो ब्राउझरच, कबूल. पण हुकूम सर्व्हरचा असतो, आणि तो पान मांडण्याआधी वाचला जातो. बाहेरच्या पानाला त्यात हात घालता येत नाही. तुझ्या ओळी आणि हा हेडर यांत फरक आहे तो एवढाच, आणि माझ्या लेखी तोच सगळा आहे. उद्या त्याने आपल्या सर्व्हरने आमचं पान ओढून नेऊन स्वतःच्या नावाने छापलं, तर हेडर काही करणार नाही. तिथे लॉग, म्हणजे सर्व्हरवरची येणाऱ्यांची नोंद, बघून त्याचा पत्ता बंद करायचा.

या निमित्ताने आमच्या स्वतःच्या चौकटीही मोडल्या. तुला आठवत असेल, वर नावाची पट्टी, डावीकडे आंबा-काजू-कोकमाची यादी, उजवीकडे मजकूर. १९९६ च्या नेटस्केप २ या ब्राउझरपासूनची ती फ्रेमसेटची, म्हणजे एक पान अनेक चौकटींत वाटायची तऱ्हा, डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये, म्हणजे पानं लिहायच्या भाषेच्या त्या आवृत्तीत, तिला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ मधून ती गेली. आम्ही मात्र धरून बसलो होतो. एका पानासाठी चार फेऱ्या, एक सांगाड्याची आणि तीन चौकटींच्या. पावसात एक काडी रेंज असली की मधली फेरी बुडायची. शेजारचे काका मोबाईल घेऊन यायचे, "अर्धाच पान दिसता रे!" गूगलवरून येणारा तर थेट आतल्या पानावर उतरायचा. ना नाव, ना नंबर, ना यादी. मागल्या दाराने माजघरात आलेल्या पाहुण्याला घर कुणाचं तेच कळू नये, तसं.

आता सर्व्हरच पट्टी, यादी आणि मजकूर एकत्र शिवून एकच पान पाठवतो. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेतला साधा 'इन्क्लूड', त्यात काही मोठी विद्या नाही. पट्टी आणि यादी दर वेळी पुन्हा पाठवायची म्हणजे उधळपट्टी, असं तू म्हणायचास. मोडेमच्या काळात ते खरंच होतं. पण तो नुसता मजकूर आहे रे, एका फोटोच्या पासंगालाही पुरत नाही, आणि चित्रं तर ब्राउझर साठवून ठेवतोच. आतल्या पानांचे जुने पत्ते ३०१ ने, म्हणजे 'कायमचं हललं' या संकेताने, नव्याकडे वळवले.

एका ठिकाणी मात्र तुझी ब्राउझरात चालणारी स्क्रिप्टच कामाला आली. लोकांनी जपून ठेवलेले कित्येक पत्ते मुख्य पानाचे आहेत, पुढे हॅशचं चिन्ह (#) आणि 'काजू' किंवा 'कोकम'. हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. सर्व्हरला सगळे सारखेच दिसतात, ग्राहकाला काजू हवेत हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. तिथे तुझ्याच पद्धतीची चार ओळींची स्क्रिप्ट लावली आहे, हॅश वाचून योग्य पानावर नेणारी.

आणि एक चौकट ठेवली आहे, बागेच्या वाटेच्या नकाशाची. पान खाली सरकवल्यावरच तो उतरतो, 'लोडिंग'ला 'लेझी' सांगून ठेवलंय. गटाच्या पानावरच्या आमच्या दरपत्रकाची उंची मात्र अजून नीट जुळत नाही. आतलं पान 'पोस्टमेसेज'ने, म्हणजे पानापानांतल्या निरोपाच्या सोयीने, उंची कळवतं, बाहेरचं ती लावतं, पण दर बदलले की खालची ओळ कापली जाते. निरोप आमच्याच पत्त्यावरून आला की नाही हे बाहेरच्या पानाने तपासायला हवं, तेही अजून लिहायचं आहे. यात तुझा हात चांगला आहे. गणपतीला येशील तेव्हा ओटीवर बसून करू, तोवर पुण्यातून तुझ्या फोनवर उघडून कोणती ओळ कापली जाते ते कळव.

आईने तुझ्यासाठी आमसुलं वाळवून ठेवली आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच,
देवगडकर मित्र