त्या २२८ जणींना मनापासून थँक्यू

मैत्रिणींनो, माझ्याच आजारावरच्या एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये तुम्ही २२८ जणींनी भाग घेतलात. तुमच्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नाही, कधी कळणारही नाही, तरी लिहितेय.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं, ज्यांना झालंय त्यांनाच कळेल. अंगावरून पाणी जातं, माशांसारखा वास येतो, मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स केला की बरं वाटतं आणि पुढची पाळी झाली की परत तेच, वर कुणाला सांगावं तर "स्वच्छता ठेव गं नीट" एवढंच ऐकायला मिळतं. आमच्या गायनॅक मॅडमनी तुमच्या ट्रायलबद्दल सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की हा घाणीचा प्रश्नच नाहीये. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते लॅक्टिक ॲसिड बनवून तिथला पीएच साडेचारच्या खाली, म्हणजे आंबट ठेवतात, ते कमी झाले की गार्डनेरेला वगैरे मंडळी माजतात, आणि अँटिबायोटिक त्यांना हाकलतं खरं पण रिकाम्या जागी चांगले जंतू आपोआप येतीलच असं नाही.

मग ते बाहेरून नेऊन सोडले तर? हे तुम्ही स्वतःच्या शरीरावर करून बघू दिलंत. आधी मेट्रोनिडाझोलचं जेल, मग लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसची पावडर अ‍ॅप्लिकेटरने, सलग चार दिवस, नंतर दहा आठवडे आठवड्यातून दोनदा, शिवाय तपासण्या वेगळ्याच. हा जंतू एका निरोगी बाईच्या योनीतूनच मिळालेला, दह्यातला नव्हे (दही खा म्हणणाऱ्या समस्त काकू-मावशींनी प्लीज वाचा).

२०२० मध्ये निकाल छापून आला. पावडर मिळालेल्या १५२ जणींपैकी ३० टक्क्यांना बारा आठवड्यांत परत त्रास झाला, नुसतं प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली पावडर) मिळालेल्या ७६ जणींपैकी ४५ टक्क्यांना. म्हणजे जादू नाही, पण फरक खरा आहे. आणि तो खरा आहे हे कळलं कशामुळे, तर त्या ७६ जणींमुळे! अ‍ॅप्लिकेटरमध्ये औषध आहे की नाही हे माहीत नसताना तुम्ही आठवड्यामागून आठवडे ते वापरत राहिलात, तुमच्यातल्या कितीजणींचा त्रास उलटला, तरी तपासायला गेलात, उत्तरं दिलीत, तीही अशा विषयावर की ज्याबद्दल आम्ही सख्ख्या बहिणीशी बोलताना आवाज खाली करतो.

आमच्या मेडिकलमध्ये हे औषध अजून मिळत नाही. मला सध्या गोळ्या आणि जेलच चालू आहे, पण आता मी स्वतःला दोष देत नाही आणि मॅडमना सरळ प्रश्न विचारते. त्यासाठी तुम्हा सगळ्यांना खूप खूप थँक्यू, त्या ७६ जणींना जरा जास्तच.