सिराकूसाहून पत्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, चर्चमध्ये इतके पुतळे, त्यातला कोण कुठला हे ओळखायचं कसं? हातात काय आहे ते बघायचं. सिसिलीतल्या संत स्त्रियांच्या हातात बहुधा त्यांचं दुखणंच असतं. कातानियाच्या सांता आगाताच्या चित्रांत तिच्या हातातल्या तबकात तिचेच कापलेले स्तन असतात. आई, मला आधी ते बघवेना. पण स्तनाच्या आजारासाठी बायका तिलाच साकडं घालतात म्हटल्यावर पटलं. जिनं भोगलं तिलाच सांगायचं, दुसऱ्या कुणाला काय कळणार?

इथे सिराकूसात सांता लुचिया. तिच्या तबकात डोळे. १३ डिसेंबरला तिची चांदीची मूर्ती मिरवतात. गळ्यात कट्यार रुतलेली आणि चेहरा असा, की जणू कुणी हाक मारली म्हणून वळून बघतेय! डोळे बरे झाले की लोक तिला चांदीचे डोळे वाहतात, आपल्याकडे देवीला वाहतात तसेच. बाबा, तुम्हाला आवडेल ते कॅथेड्रलच. ते मुळात अथेनाचं ग्रीक देऊळ, इ. स. पू. पाचव्या शतकातलं. खांबांमधल्या जागा भिंतींनी बुजवून चर्च केलंय, त्यामुळे ते जाडजूड खांब भिंतीतून अर्धे बाहेर डोकावतात.

पालेर्मोची सांता रोसालिया मात्र प्लेगवाली. १६२४च्या साथीत मोंते पेल्लेग्रीनो डोंगरावरच्या गुहेत तिची हाडं सापडली, पुढच्या वर्षी ती शहरातून मिरवली आणि साथ हटली, अशी श्रद्धा. व्हॅन डाइक हा चित्रकार त्या साथीच्या वेळी तिथेच होता. आला होता व्हाइसरॉयचं चित्र काढायला; व्हाइसरॉय प्लेगने गेला आणि याने रोसालियाची चित्रं काढली. मोकळे केस, डोक्यावर गुलाबांचा मुकुट, जवळ कवटी. गुहेत आता देवस्थान आहे. छतातून सारखं पाणी झिरपतं, ते पत्र्याच्या पन्हळी लावून बाजूला नेलंय. मला सोनेरी मूर्तीपेक्षा त्या पन्हळीच जास्त आवडल्या.

आणि हो, पालेर्मोला आणखी एक संत आहेत, बेनेदेत्तो. काळ्या वर्णाचे, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या पोटी जन्मलेले, मठात स्वयंपाक करणारे. अक्षरओळख नव्हती, तरी मोठमोठी माणसं सल्ल्याला यायची.

लुचियापुढे मी बाबांच्या नावाने मेणबत्ती लावली. हसा खुशाल. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आता तिसऱ्यांदा पुढे ढकलू नका, आणि आई, डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट सोबत घे.

तुमची,
मनू