विषय: रोबोटिक ब्रेसच्या बकलबद्दल चौथी आणि शेवटची तक्रार

प्रति, ग्राहकसेवा प्रमुख,

आज तुमच्या हेल्पलाइनशी बत्तीस मिनिटं बोललो. निदान हा संवाद तरी वाचा.

"सर, दंडावरचं बकल दोन्ही हातांनी एकदम दाबा."
मी म्हटलं, उजव्या कोपराचं ऑपरेशन झालंय, म्हणून तर हात वाकवणारा हा मोटरचा ब्रेस घेतलाय. एकच हात चालतो.
पलीकडे टायपिंगचा आवाज. मग, "ठीक आहे सर, उजव्या हाताने नुसता आधार द्या."
"उजव्याच दंडावरच्या बकलला?"
"हो सर, हलकासा."

तुमच्यापैकी कोणीही आपल्या एका हाताची बोटं त्याच हाताच्या दंडाला लावून दाखवावीत. मी वाट बघतो. शेवटी त्याने विचारलं, "घरात दुसरं कोणी नाही का?" म्हणजे पट्टे आवळायला माणूस वेगळा ठेवायचा! खोक्यावर मात्र 'स्वावलंबी पुनर्वसन' छापलंय.

बरं, बांधला तरी टिकत नाही. कोपर म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. हात वाकतो तसा कोपराचा फिरण्याचा आसही किंचित सरकतो. तुमच्या ब्रेसचा सांधा एकाच खिळ्यावर फिरतो, त्यामुळे दहा-बारा वेळा वाकवलं की हाताभोवतीचा कफ (रुंद पट्टा) मनगटाकडे घसरतो आणि मोटर हाडाऐवजी कातडी ओढते. ॲप ११० अंश दाखवून टाळ्या वाजवतं, फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावतात तर ९५. ॲपमधला कोन मोटरचा आहे, माझ्या कोपराचा नव्हे. रोजच्या बहुतेक कामांना साधारण ३० ते १३० अंश लागतात, तेव्हा हे पंधरा अंश मला फुकट घालवायचे नाहीत.

आतला पट्टा कोपराच्या आतल्या हाडामागे नेमका नसेवर बसतो. करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात. त्यावर उत्तर काय, तर "सुरुवातीला सवय नसते सर." नस दबण्याची सवय लावून घ्यायची असते, हे मला सर्जननी सांगितलं नव्हतं.

आणि ते बकल! एका हाताने लागणारं बकल सायकलच्या हेल्मेटवरही असतं. तुमच्या डिझायनरांनी एक हात पाठीमागे बांधून हा ब्रेस एकदा तरी घालून पाहिला होता का?

सात दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत, नाहीतर ग्राहक न्यायालयात भेटू. तिथे मी काहीच बोलणार नाही, फक्त तुमच्या वकिलांना ब्रेस एका हाताने घालायला सांगेन.

हे पत्र डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलंय. उत्तर लेखी द्या, फोन करू नका.

तुमचा (अजून सात दिवस) ग्राहक