पुण्याच्या बागा दुपारी बंद का? महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

महोदय,
सविनय नमस्कार.

पुण्यात आलेल्या पाहुण्याला आपण शनिवारवाडा, लाल महाल, आगाखान पॅलेस आणि राजा केळकर संग्रहालय दाखवतो, दगडूशेठ गणपतीचे दर्शन घडवतो, लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सिंहगडाच्या वाटेला लावतो. यात गैर काही नाही. पण या शहरावर ज्यांचा जीव जडला आहे त्यांना कारण विचारले, तर बहुतेक जण एखाद्या टेकडीचे किंवा बागेचे नाव घेतात, आणि नेमक्या याच गोष्टी पाहुण्याच्या वाट्याला येत नाहीत. महापालिकेची लहानमोठी उद्याने आज २०० च्या पुढे आहेत. इतकी उद्याने सांभाळणारे शहर ती बाहेरगावच्या माणसाला दाखवण्याचा विचार करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि म्हणून हे पत्र.

मी झाडे ओळखण्याच्या फेऱ्यांमध्ये हौसेने लोकांना घेऊन जाते. त्यात नागपूर, नाशिक, कोल्हापूरहून आलेले नातेवाईक असतात, शिक्षणासाठी आलेल्या मुलांचे आईवडील असतात, परदेशातून सुट्टीवर आलेली मराठी कुटुंबे असतात. अशाच एका कुटुंबाला घेऊन मी दुपारी साडेबाराच्या सुमारास एका उद्यानाच्या दाराशी पोहोचले. दाराला कुलूप होते, आत सुरक्षारक्षक खुर्चीवर बसले होते, आणि फलकावर सकाळची व संध्याकाळची वेळ लिहिलेली होती. बरोबरच्या आजीबाईंनी जाळीतून आत डोकावून पाहिले. समोर मोठ्या पर्जन्यवृक्षाची गडद सावली पडली होती आणि तिच्याखालची चारही बाके रिकामी होती. त्यांची परतीची गाडी चारची होती. रक्षकांचा दोष नाही, ते त्यांना दिलेल्या वेळा पाळत होते. दोष त्या वेळा ठरवण्याच्या पद्धतीत आहे.

सकाळी उघडायचे, दुपारी बंद करायचे आणि पुन्हा संध्याकाळी उघडायचे, हा आपल्या उद्यानांचा जुना रिवाज आहे. तो पडला तेव्हा बागेत येणारा माणूस म्हणजे शेजारच्या पेठेतला किंवा कॉलनीतला रहिवासी, जो पहाटे फिरायला यायचा आणि संध्याकाळी मुलांना घसरगुंडीवर न्यायचा. त्याच्या दिनक्रमाला या वेळा चपखल बसतात. पाहुण्याचा दिवस मात्र नेमका उलटा असतो. तो नऊ-दहाला बाहेर पडतो, अकरा ते चार हा त्याचा फिरण्याचा मुख्य वेळ असतो, आणि त्याच वेळात त्याला सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि घटकाभर टेकायला जागा लागते. हे सारे आपल्याकडे आहे आणि आपण ते कुलुपात ठेवतो.

दुपारी ऊन असते, बागेत कोण येणार, असे म्हटले जाते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात इथली दुपार फिरण्यासाठी सर्वांत सुखाची वेळ असते, कारण पहाटे हुडहुडी भरते आणि सूर्य लवकर मावळतो. उन्हाळ्याचे म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये झाडाखालची जागा हा चैनीचा विषय राहत नाही, ती गरज होते, आणि ती पाहुण्याइतकीच रस्त्यावर काम करणाऱ्यांचीही गरज आहे. दुसरे कारण पाणी देण्याचे आणि झाडलोटीचे सांगितले जाते. ते खरे आहे, पण बागेचा एकेक भाग दोरी लावून आळीपाळीने बंद ठेवला तर माळ्यांचे काम अडत नाही. तिसरे कारण उघडपणे कुणी सांगत नाही, ते म्हणजे दुपारी तरुण जोडपी येऊन बसतात. बसू द्यावीत. सार्वजनिक बागेत दोन माणसे सभ्यपणे बोलत बसली, तर त्यात महापालिकेने घाबरण्यासारखे काही नाही, आणि खरोखर उपद्रव देणाऱ्यांना आवरायचे असेल तर निर्मनुष्य बागेपेक्षा माणसांचा वावर असलेली बाग जास्त सुरक्षित असते. उरतो प्रश्न रक्षकांच्या जादा पाळीचा, आणि तो पैशांचा प्रश्न आहे. बागेत नव्या शोभेच्या वस्तू उभारण्यावर होणारा खर्च थोडा आखडता घेतला तर तो सुटण्यासारखा आहे असे माझे मत आहे.

शहरात याचे उदाहरणही आहे. रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन ही बाग अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था चालवते आणि ती दिवसा, तिकीट काढून, दुपारीही पाहता येते. जुनी उंच झाडे, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या जाडजूड महावेली, मधून जाणारा ओढा, आणि जानेवारीच्या अखेरीस भरणारे पुष्पप्रदर्शन, यांमुळे बाहेरगावचा माणूस तिथे अर्धा दिवस सहज काढतो. एका संस्थेला हे जमते, तर महापालिकेला आपल्या निवडक बागांपुरते तरी जमायला हरकत नाही.

बागांचे नाते या शहराशी किती जुने आहे हे आपणांस सांगायला नको. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग ही नावे आजही पत्त्यांमध्ये आहेत, जरी त्या जागी आता बाजार, देवळे आणि इमारती आहेत. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे करविले, त्यातल्या बेटावर बाग झाली, सवाई माधवरावांच्या काळात १७८४ मध्ये तिथे गणपतीची स्थापना झाली, आणि पुढे तळे बुजवून त्या जागी आजची सारसबाग उभी राहिली. आजही जुनी माणसे त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. ही गोष्ट पाहुण्याला त्या जागेवर उभे राहून ऐकवली, की समोरच्या हिरवळीत त्याला तळे दिसू लागते. मी हे अनेकदा पाहिले आहे. पण ती सांगणारे कुणी भेटले नाही, तर तो भेळ खाऊन निघून जातो.

म्हणून माझी दुसरी विनंती अशी, की या जागा एकमेकींना पायी जोडाव्यात. पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे देऊळ १७४९ चे. सकाळी १०३ पायऱ्या चढून वर जावे, तिथून सारे शहर डोळ्यांखाली घ्यावे, उतरून सारसबागेत यावे आणि मुले बरोबर असतील तर शेजारच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून धावणाऱ्या फुलराणी या छोट्या आगगाडीत त्यांना बसवावे. हा सारा फेरा पायी होण्याजोगा आहे, आणि आता स्वारगेटपर्यंत मेट्रो आल्याने त्याची सुरुवात करणेही सोपे झाले आहे. तसेच जंगली महाराज रस्त्याचे. तिथे मेट्रोच्या स्थानकाला नावच छत्रपती संभाजी उद्यान आहे. दिवाळीत जिथे मुलांचे किल्ले मांडले जातात आणि जिथे महापालिका फळाफुलांचे प्रदर्शन भरवते ते उद्यान, आणि तिथून थोड्याच अंतरावर राष्ट्रकूटकाळातले पाताळेश्वराचे लेणे, हे दोन्ही एका दुपारीत होते. स्थानकातून बाहेर पडणाऱ्याला अमुक बाग इतक्या मिनिटांवर आहे असे सांगणारी पाटी, मोडका पदपथ दुरुस्त करणे आणि रस्ता ओलांडण्याची सोय, एवढेच त्यासाठी लागेल. पुणे दर्शनच्या बसबरोबर बागांची वेगळी फेरीही सुरू करता येईल, मात्र बागा चालत पाहण्यातच खरा आनंद आहे.

बागेत पोहोचल्यावर काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कैलासपतीचे झाड घ्या. त्याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून लोंबणाऱ्या काड्यांवर येतात, आत फण्यासारखा वाकलेला केसरांचा झुबका असतो आणि वास असा की लांबून माणूस वळून पाहतो. शेजारी तोफगोळ्यांसारखी फळे लटकत असतात. लहान मुलाने हे पाहिले की ते हमखास विचारते, हे काय आहे, आणि पालक झाडावर पाटी शोधू लागतात. पुष्कळदा ती नसते, असली तर तिच्यावर केवळ शास्त्रीय नाव असते आणि गंजाने तेही अर्धे गेलेले असते. महापालिकेने वृक्षगणना केली आहे, झाडांची जात आणि जागा यांची नोंद आपल्या दप्तरी तयार आहे. ती दप्तरातून बागेत आणावी. मराठी नाव, झाड इथलेच की बाहेरून आणलेले, आणि फुलण्याचा महिना, एवढा मजकूर पाटीवर पुरे.

त्याच नोंदीवरून महिन्यांचे बहरपत्रक काढता येईल. पाहुणा फेब्रुवारीत आला तर त्याला काटेसावर आणि पांगारा कुठे पाहायचा, एप्रिल-मेमध्ये आला तर बहावा आणि आपल्या राज्याचे फूल असलेले ताम्हण कुठे, पावसाळ्यात कदंब कुठे, आणि पाऊस सरल्यावर पहाटे रस्त्यावर बुचाच्या पांढऱ्या फुलांचा सडा कोणत्या भागात पडतो, हे त्याला घरबसल्या कळेल. या शहरात वर्षाचा कोणताही महिना रिकामा जात नाही, पण हे पुण्याबाहेर कुणाला ठाऊक नाही. माहिती सांगायला माणसे लागतील, आणि ती शोधायला आपणांस फार लांब जावे लागणार नाही. उद्यान विभागातले जुने माळी कोणते झाड कोणत्या पावसात पडले, त्या जागी काय लावले, कोणत्या ढोलीत दरवर्षी तांबट पक्षी घर करतो, हे सारे जाणतात. त्यांच्यापैकी इच्छुकांना थोडे प्रशिक्षण आणि वेगळा भत्ता देऊन शनिवार-रविवारी पाहुण्यांबरोबर फिरू द्यावे. त्यांच्या ज्ञानाचा इतका चांगला उपयोग आणि इतका उचित सन्मान दुसऱ्या कशाने होईल असे मला वाटत नाही.

आता काय करू नये, तेही सांगते. पर्यटन म्हटले की आपल्याकडे लगेच संगीत कारंजी, रंगीत दिवे, सिमेंटचे प्राणी आणि सेल्फी पॉइंट उभे राहतात. कृपया यातले काहीही करू नये. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान लोकांना का आवडते याचा विचार व्हावा. जपानमधल्या ओकायामा शहरातली कोराकुएन ही १७०० साली पूर्ण झालेली बाग समोर ठेवून ते घडवले आहे. तिथे पाणी, पूल, मासे, दगड, उतरती हिरवळ आणि शांतता आहे, आणि ही शांतता मोडू नये म्हणून नियम आहेत. लोक ते नियम पाळतात, कारण ती जागाच त्यांना पाळायला लावते.

टेकड्यांच्या बाबतीत माझी विनंती अधिक सावधपणे मांडते. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई हे पुण्याचे सर्वांत सुंदर धन आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाचा गुलाबी बहर, खाणीतले पाणी, पहाटे मोरांची हाक आणि गवतातून उठणारे चंडोल, हे शहराच्या मधोमध अनुभवायला मिळते. पाहुण्यांनी ते जरूर पाहावे, पण ठरलेल्या वाटांवरून, लहान गटांनी, पाण्याची बाटली परत घेऊन, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय. यासाठी वन विभागाशी बोलून दोन-तीन वाटा निश्चित कराव्यात आणि बाकीची टेकडी तिच्या पशुपक्ष्यांवर सोडावी. वर उपाहारगृह नको, फरसबंदी नको, गाडी जाईल असा रस्ता तर नकोच. वेताळ टेकडीतून रस्ते आणि बोगदे काढण्याचे प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. पर्यटनाच्या दृष्टीनेही ते आतबट्ट्याचे ठरतील, कारण टेकडी पोखरून वाचवलेली दहा मिनिटे पाहण्यासाठी या शहरात कुणी येणार नाही. राज्य सरकारने २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलेले गणेशखिंड उद्यान महापालिकेच्या ताब्यात नाही, याची मला कल्पना आहे. तरीही संबंधित कृषी विद्यापीठाशी चर्चा करून, तज्ज्ञांच्या सोबतीने ठरावीक दिवशी मर्यादित लोकांना ते दाखवता येईल का, हे आपण पाहावे.

स्वच्छतागृहांबद्दल एकच सांगते. बाहेरून आलेली स्त्री बागेत किती वेळ थांबते, हे तिथले स्वच्छतागृह कसे आहे यावर ठरते.

हे सारे एकदम व्हावे असा माझा आग्रह नाही. येत्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, या चार महिन्यांपुरती संभाजी उद्यान, पु. ल. देशपांडे उद्यान आणि कमला नेहरू उद्यान ही तीन उद्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग उघडी ठेवून पाहावीत. दुपारी किती माणसे आली, कोठून आली, काय अडचणी आल्या, याची नोंद रक्षकांकडून ठेवावी, ती मार्चमध्ये जाहीर करावी आणि पुढचा निर्णय त्यावरून घ्यावा. झाडांच्या पाट्यांचे काम याच तीन बागांपासून सुरू झाले तर मी आणि माझ्यासारखे अनेक वृक्षप्रेमी विनामोबदला मजकूर तपासून द्यायला तयार आहोत. आपला निर्णय काहीही असला, तरी तो कारणांसह उद्यानांच्या दारावरील फलकावर लावावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक पुणेकर नागरिक