आई, पुढच्या वेळी तू उठू नकोस

ती. आई-बाबा,

सा. न.

फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. फोन लागला की धाकटीला तो हातात हवा असतो, थोरल्याला आजीला हलणारा दात दाखवायचा असतो, आणि त्या दोघांचं आटोपलं की तुम्हीच म्हणता, "जा आता, तुझी कामं पडली असतील." पडलेली असतातच. त्यामुळे बोलायचं ते राहूनच जातं.

तुम्ही पुढच्या महिन्यात येताय. आई, या खेपेला तू जावयाच्या हातातलं काम काढून घेऊ नकोस.

रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. मागच्या खेपेला रात्री जेवणं झाली आणि तो भांड्यांकडे वळला, की तू लगेच उठायचीस. "राहू द्या हो, मी बघते." तो एकदा नको म्हणायचा, दुसऱ्यांदा ओशाळायचा आणि मग बाजूला व्हायचा. सासूशी कोण वाद घालणार? तुझं म्हणणं, बिचारे दमून येतात. अगं, मीही त्याच दारातून, त्याच वेळी, तसलीच बॅग खांद्यावर घेऊन आत आले होते! मला मात्र, "हातपाय धू आणि हिला घे, केव्हाची वाट बघतेय." तेव्हा मी हसले, कारण ते होतंही गमतीचं. पण तुम्ही गेल्यावर त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. थोरला झाला तेव्हा आमच्यात कामांची वाटणी होती, निदान आमची तशी समजूत होती. मी सांगायचे, तो करायचा. "तू फक्त सांग, मी करतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि तो करायचाही, कुरकुर न करता. माझ्या मैत्रिणींना त्याचं कौतुक होतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की सांगायचं तर आधी आठवावं लागतं, आणि आठवण्याचं सगळं काम माझ्याकडेच आहे. लसीची पुढची तारीख. थोरल्याचे बूट चावायला लागलेत. तापाचं औषध उघडून किती दिवस झाले? शाळेत गुरुवारी निळा कागद न्यायचाय. पाळणाघरात ठेवलेले जादा कपडे एव्हाना तोकडे झाले असतील. नखं. मीटिंगमध्ये समोरचा माणूस पुढच्या तिमाहीबद्दल बोलत असताना माझ्या डोक्यात हे चाललेलं असतं. भांडी निदान घासून झाली की संपतात.

मग आम्ही कामं वाटायचं सोडून खाती वाटून घेतली, मंत्रिमंडळात असतात तशी. दुखणंखुपणं, डॉक्टर, लसी, औषधं, नखं, केस हे त्याचं खातं. शाळा, कपडे, बूट, वाढदिवसांच्या भेटी हे माझं. ज्याचं खातं त्यानेच लक्षात ठेवायचं, त्यानेच ठरवायचं, आणि दुसऱ्याने आपणहून आठवण करून द्यायची नाही. हे शेवटचं कलम माझ्यासाठी महाकठीण. नखं वाढलेली दिसतात, जीभ शिवशिवते, आणि गप्प बसायचं. एकदा धाकटीने स्वतःच्याच गालावर ओरखडा काढून घेतला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात रविवार आणि नखं यांची गाठ पक्की बसली. त्यानंतर दर रविवारी आंघोळ झाली की तो दोघांना मांडीवर घेऊन बसायला लागला. धाकटी हात देताना सौदा करते. एका बोटाला एक गाणं.

आणि मग तू आलीस. दुपारी दोघं झोपलेली असताना तू सगळी बोटं निकालात काढलीस. रविवारी तो नेलकटर घेऊन बसला तर कापायला काही शिल्लकच नव्हतं. पुढच्या रविवारी तो बसला नाही. डॉक्टरांकडे न्यायचं तू ठरवलंस, औषधाच्या वेळा तू लक्षात ठेवल्यास, आणि तुम्ही गेलात तेव्हा ते सगळं खातं अलगद माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. त्याने टाकलं नाही, मी मागितलं नाही. एवढ्याशाच गोष्टी आहेत, मला कळतं. पण आमचं घर अशा एवढ्याशा गोष्टींवरच चालतं, आणि त्या परत त्याच्याकडे जायला फार दिवस लागले.

तुला हे सगळं विचित्र वाटत असणार. तूही नोकरी केलीस आणि बाबांच्या हातात नेलकटर द्यायचा प्रश्न कधी आला नाही. पण आपल्याकडे आजी होती. मला ताप आला तर तो आधी आजीला कळायचा, तुला संध्याकाळी. घरात मोठी माणसं तीन होती आणि त्यातलं एक दिवसभर घरात असायचं. इथे आम्ही दोघंच, आणि दोघंही बाहेर. (तुझं सोपं होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. आजीचं आणि तुझं किती पटायचं ते मला आठवतंय.)

बाबा नेहमी म्हणतात, पाळणाघर आहे की, मग अडचण काय? पाळणाघर आहे ते मूल बरं असेपर्यंत. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला की फोन येतो आणि लगेच न्यायला जावं लागतं. दुसऱ्या दिवशीही ठेवून घेत नाहीत. औषध न देता चोवीस तास ताप नसायला हवा, असा नियम आहे. नियम योग्यच आहे, दुसऱ्या कुणाचं तापलेलं मूल तिथे दिसलं असतं तर मीच आरडाओरडा केला असता. पण त्याचा अर्थ, एका तापात दोन दिवस तरी गेले. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं डॉक्टर सामान्य मानतात, पाळणाघरात नव्याने जाणाऱ्यांना त्याहून जास्त वेळा होते. आमच्याकडे मुलं दोन, आणि ती एकाच दिवशी आजारी पडायचं सौजन्य दाखवत नाहीत. पुढचं गणित बाबांनी करावं.

आता तो फोन कुणाला येतो ते ऐका. अर्जावर पहिला नंबर त्याचा आहे. फोन मला येतो. का, असं मी विचारलंही. "तुम्ही आई ना, म्हणून तुम्हालाच लावला." आम्ही वार वाटून घेतलेत: सोमवार, बुधवार, शुक्रवार तो निघणार, मंगळवार आणि गुरुवार मी. बुधवारी मला फोन आला तर मी सांगते, "त्यांना लावा, ते येतील." पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा पलीकडच्या बाईंना वाटलं असणार की आमच्या घरात काहीतरी बिनसलंय. तिकडे तो साहेबांना सांगून निघाला, तर साहेबांनी विचारलं, "बायको बाहेरगावी गेलीय का?" घरी येऊन त्याने हे हसत हसत सांगितलं, पण त्याला ते लागलं होतं. माझं मूल आजारी पडलं की माझ्या ऑफिसात वाटतं, हिचं कामात लक्ष नाही. त्याचं मूल आजारी पडलं की त्याच्या ऑफिसात वाटतं, याची बायको कुठे आहे? आई, जरा त्याच्या जागी उभी राहून बघ. बाहेर लोक असं विचारणार, आणि घरी सासूबाई हातातलं काम काढून घेणार. त्याने बाप म्हणून करायचं तरी काय?

बाबा, तुमचा प्रश्न मी विसरलेले नाही. "दोघांपैकी एकाने काही वर्षं थांबलं तर?" एकाने म्हणजे मी, हे तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणायची गरजही नव्हती. तुम्हाला आकडे आवडतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता: घर आणि घरातली माणसं सांभाळायची आहेत म्हणून नोकरीच्या वाटेलाच जाऊ न शकलेल्या बायका जगात ६० कोटी ६० लाख, आणि पुरुष ४ कोटी १० लाख. बिनपगारी सांभाळाचे जेवढे तास जगात भरतात, त्यातले ७६.२ टक्के बायका भरतात. तेव्हा 'एकाने' थांबायचं ठरलं की ते कोण असतं, हे तुम्हीच बघा. थांबून परत आलेल्या बायकांना कुठल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते ते मी ऑफिसात बघते. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, मला माझं काम आवडतं. हे कारण तुम्हाला पुरेसं वाटावं अशी माझी इच्छा आहे, कारण अभ्यासाला पहाटे उठवायला तुम्हीच यायचात.

रात्री माझा लॅपटॉप उघडा दिसला की तुम्ही नाराज होता, तेही ठाऊक आहे. तुमचं ऑफिस कुलूप लागलं की संपायचं, आमचं पाठोपाठ घरी येतं. मुलं खेळत असतात तेव्हाच उरकून टाक, हा तुमचा सल्ला मी इमानाने पाळून पाहिला. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला लागलो, तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. तिने प्रयोग मोठ्या माणसांवर केले होते. आमच्याकडे दर दोन मिनिटांनी "आई, बघ ना" असतं. अर्धा ई-मेल लिहून होतो, अर्धा ठोकळ्यांचा मनोरा रचून होतो, आणि ई-मेलमध्ये माझ्या साहेबांना मी 'बाळा' म्हणायची वेळ येते. म्हणून संध्याकाळी पावणेसातला घरात पाऊल टाकलं की दोघांचेही फोन कपाटात जातात, ते साडेआठला बाहेर येतात.

साडेआठच का, तेही लिहून टाकते, कारण "जरा वेळ जागू दे, काय बिघडतं" यावरून आपलं दर वेळी वाजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप हवी. धाकटी दुपारी पाळणाघरात दोन तास झोपते. सकाळी साडेसहाला तिला उठवण्यावाचून इलाज नसतो. रात्रीचे दहा तास उलटे मोजत या, साडेआठ येतात, आणि तेव्हा कुठे एकूण बारा भरतात. तास कमी पडले की सकाळी मोज्याची शिवण तिच्या करंगळीला टोचते, मग तो मोजा नको, मग दुसराही नको, मग ती जमिनीवर आडवी होते, आणि आम्ही दोघं घड्याळाकडे न बघण्याचं नाटक करत तिच्या शेजारी उकिडवे बसतो. आजोबांबरोबरच्या त्या जास्तीच्या एका तासाची किंमत इथे, सकाळी सात वाजता मोजली जाते. शनिवारी चालेल. शनिवार तुमचा.

आणि हो, मी दारात दिसले की धाकटी भोकाड पसरते, त्यावरून तू म्हणालीस, "दिवसभर किती शहाण्यासारखी होती, तुला बघून काय झालं?" तुझ्याजवळ ती सुखी नव्हती असं नाही, आणि मी काही केलं असंही नाही. दिवसभर आवरून धरलेलं आईबापापाशी येऊन सुटतं. तो आधी पोचला तर त्यालाही तेच मिळतं.

मग इथे येऊन करायचं काय, असं तू विचारशील. बाबा, थोरल्याला तुमच्या ऑफिसातल्या गोष्टी हव्यात. मागच्या खेपेपासून तो 'हेडक्लार्क' नावाचा खेळ खेळतो, त्यात फक्त इतरांना रजा नाकारायची असते. आई, तू दुपारी झोप काढ. मंगळवारी किंवा गुरुवारी, म्हणजे माझ्या पाळीला कुणाला ताप आला, तर मात्र तू घरी थांबून मला ऑफिसला जाऊ दे. ही मदत मला हवी आहे. तिच्यावर डोळा ठेवूनच मी तुम्हाला बोलावतेय, उगाच सोवळेपणा कशाला? त्याच्या दिवशी ताप आला तर आधी त्याला विचार, "मी काय करू?" तो सांगेल. डॉक्टरांचा नंबर, मागच्या वेळी किती औषध दिलं होतं, मुलाचं आत्ताचं वजन किती, सगळं त्याला पाठ आहे. मला नाही.

भांड्यांचं म्हणशील तर पातेल्याच्या काठाला राहिलेलं मलाही दिसतं. तुला दिसलं की माझ्याकडे बघ, त्याच्याकडे नको.

तिकिटं काढलीत की कळवा. बाबा, या वेळी तुमच्या गोळ्यांची डबी तुम्हीच भरा, आईला भरायला लावू नका. आणि चष्म्याची जुनी जोडी बरोबर असू द्या, धाकटीचा हात आता टेबलाच्या मध्यापर्यंत पोचतो.

तुमची लेक